तिसऱ्या बांधीत पाणी का टिकेना: धानातले उंदीर, खेकडे आणि एका वावराचं प्रकरण

वावर भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातलं. चार एकर, नऊ बांध्या, म्हणजे बांध घालून पाडलेले धानाचे तुकडे. वरच्या अंगाला बोडी (पाणी साठवायचं लहान तळं), खालच्या अंगाला नहराची पाटचारी, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांचा धान. वाण मध्यम मुदतीचा, पऱ्हे (रोपवाटिका) जूनच्या चौथ्या आठवड्यात टाकलेले, रोवणी जुलैअखेर. मोठ्या धुऱ्यांवर (बांधांवर) तूर. वावर नमुन्याचं आहे आणि बिळांचे आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. तक्रार मात्र अशी आहे की साकोली, लाखनी, अर्जुनी मोरगावकडच्या कोणत्याही कास्तकाराला ती ओळखीची वाटेल.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या बांधीत पाणी राहीना. संध्याकाळी घोटाभर पाणी भरून ठेवावं, तर सकाळी चिखल उघडा पडलेला आणि खालच्या चौथ्या बांधीत पाणी चढलेलं. धुऱ्यावर भोकं दिसत होती. त्यांत तणस (धानाचा पेंढा) कोंबून वर चिखल थापला. दोन दिवस बरं चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन-चार वेळा असं केल्यावर धुरा हातभर लांबीत खचला.

त्याच सुमारास पाचव्या बांधीच्या मधोमध धान कापल्यासारखा दिसू लागला. गावातून उंदीर मारायची काळी पूड आणली, घरच्या भातात अंदाजानं कालवली आणि दिसेल त्या प्रत्येक भोकाशी त्याच संध्याकाळी टाकली. सकाळी पाच उंदीर मेलेले सापडले. दुसऱ्या दिवशी एक. त्यानंतर भाताला कोणी तोंड लावलं नाही, आणि कापणं चालूच राहिलं. मग कोणीतरी सांगितलं की भोकांत दाणेदार कीटकनाशक ओता. ते ओतण्याआधी हात थांबला, हे फार बरं झालं. कारण त्या धुऱ्यात दोन वेगळे जीव राहत होते, आणि दोघांचा इलाज एक नाही.

भोक कोणाचं?

सगळ्यात जास्त वेळ इथं द्यायचा असतो आणि नेमका इथंच कोणी देत नाही. सकाळी सात-आठच्या सुमारास, ऊन तिरपं असताना धुऱ्यावरून एकदा सावकाश चालायचं. हातात काठी, बॅटरी आणि खुणेसाठी बांबूच्या कामट्या.

खेकड्याचं भोक पाण्याच्या काठाला लागून असतं, बऱ्याचदा धुऱ्याच्या पाण्याकडच्या अंगाला आणि पाण्याच्या पातळीच्या जरा वर किंवा खाली. तोंड थोडं आडवं, लंबगोल. भोवती ओल्या मातीच्या बोराएवढ्या गोळ्या पडलेल्या दिसतात. खेकडा माती उकरत नाही, चिखलाच्या गोळ्या करून बाहेर आणून टाकतो. बॅटरी मारली तर आत ओल चमकते, कारण भोक खाली पाणी लागेपर्यंत जातं. धुरा अरुंद असला की हेच भोक पलीकडच्या अंगाला फुटतं आणि गळती सुरू होते.

उंदराचं बीळ कोरड्या भागात, धुऱ्याच्या माथ्याला किंवा वरच्या उतारावर. धानात सगळ्यात जास्त त्रास देणारा तो काळपट, आखूड शेपटीचा, दांडगा उंदीर, घुशीच्या जातीतला पण घरच्या घुशीपेक्षा लहान. त्याची खूण म्हणजे भुसभुशीत मातीचा ढीग, टोपलीभर सुद्धा असतो, आणि ढिगाखाली तोंड बुजवलेलं. हा उंदीर आत गेला की बीळ आतून मातीनं बंद करून घेतो. म्हणून ‘भोक बंद आहे, म्हणजे उंदीर गेला’ हा समज सपशेल चुकीचा. उलट ताजा, ओलसर, भुसभुशीत ढीग म्हणजे मालक घरात आहे. उघडं, गुळगुळीत तोंडाचं, कोळ्याचं जाळं धरलेलं बीळ बहुतेक रिकामं असतं.

रिकामं म्हणताना जपून. उंदराच्या सोडलेल्या बिळात नाग, घोणस, मण्यार येऊन बसतात. ताजी माती नाही पण तोंड घासून गुळगुळीत झालेलं आहे, जवळ कात पडलेली आहे, असं दिसलं की तिथं हात काय, काठीही घालायची नाही. धामण दिसली तर तिला जाऊ द्यावं, ती तुमचंच काम करते आहे.

धानाकडे पाहूनही चोर ओळखता येतो. रोवणीनंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कोवळी रोपं बुडाशी तुटून पाण्यावर तरंगत असतील आणि तीही धुऱ्याजवळच, तर ते काम बहुधा खेकड्याचं. फुटवे फुटल्यानंतर ताट बुडापासून चार-सहा बोटांवर तिरपं कापलेलं, कलमाच्या कापासारखं, आणि तुकडे तिथंच पडलेले, तर उंदीर. खोडकिडीचा गाभेमर वेगळा: मधली सुरळी वाळलेली असते, ओढली की अलगद हातात येते, पण ताट जागेवर उभं असतं. उंदरानं कापलेल्या जागी उपटायला काही उरतच नाही.

आणखी एक गोष्ट. उंदीर बांधीच्या कडेच्या ओळी सहसा सोडतो आणि आत शिरून कापतो, कारण आत त्याला आडोसा मिळतो. म्हणून धुऱ्यावर उभं राहून धान भरगच्च दिसतो आणि मधोमध मात्र परातीएवढे, खाटेएवढे उघडे पट्टे पडलेले असतात. पाचव्या बांधीत हेच झालं होतं. आठवड्यातून एकदा प्रत्येक बांधीत आडवं चालून जाणं हाच त्यावर उपाय आहे.

मोजणी

पहिल्या दिवशी दुपारनंतर नऊ बांध्यांचे धुरे, बोडीची पाळ आणि पाटचारीचा काठ फिरून सगळी तोंडं मोजली. एकूण ७४. त्यातली २१ खेकड्यांची, उरलेली ५३ उंदरांसारखी दिसणारी. उंदरांच्या सगळ्या ढिगांची माती पायानं सपाट करून दाबली आणि शेजारी कामटी रोवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ३६ ठिकाणी पुन्हा ताजी माती वर आलेली होती. ही ३६ बिळं जिवंत. बाकीच्या १७ ठिकाणी आमिष टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं आणि कुत्र्या-मांजरांना धोका वाढवणं.

३६ तोंडं म्हणजे ३६ उंदीर नाहीत, हेही ध्यानात ठेवायचं. एका बिळाला दोन-तीन तोंडं असतात, शिवाय पळून जायला एक चोरवाट असते आणि तिचं तोंड मातीच्या पातळ पडद्यानं झाकलेलं असतं. हा उंदीर बहुधा बिळात एकटा राहतो, मादी मात्र पिलांसह. तीन आठवड्यांच्या आसपास गर्भकाळ, एका वेताला सहा-आठ पिल्लं, आणि तीन महिन्यांत पिल्लं स्वतः वेताला येतात. ऑगस्टमध्ये सोडून दिलेल्या दोन माद्या कापणीपर्यंत काय करून ठेवतील, हे यावरून समजावं. नहराच्या पाण्यावर जिथं उन्हाळी धान होतो तिथं तर त्यांना बाराही महिने हिरवा चारा मिळतो. आजूबाजूचं सगळं रान वाळलेलं असताना तेवढाच हिरवा पट्टा उरतो आणि पंचक्रोशीतले उंदीर तिथं गोळा होतात.

आधी पाणी, मग उंदीर

या वावरात क्रम असा ठेवला की आधी गळती बांधायची. पाणी टिकत नसलं की नुसतं पाणी जात नाही. दिलेला युरिया खालच्या बांधीत वाहून जातो, उघड्या चिखलात तण उगवतं, आणि बांधी कोरडी पडली की उंदराला आत शिरायला मोकळं रान मिळतं.

गळतीचं तोंड शोधायला बांधीत चार बोटं पाणी असावं. धुऱ्याच्या कडेनं पाण्यावर मूठ-मूठ धानाचा कोंडा टाकत जायचं आणि थांबून पाहायचं. जिथं कोंडा हळूहळू एका जागी ओढला जातो, गोल फिरतो, तिथं खाली तोंड आहे. पलीकडच्या अंगाला ज्या भोकातून पाणी पडतं ते समोरच असेल असं नाही, ते दोन-तीन हात बाजूलाही निघतं. तिसऱ्या बांधीचं तसंच होतं. बाहेरचं तोंड चिखलानं लिंपलं जात होतं, आतलं तोंड उघडंच होतं. मग पाणी आत साठायचं, दाब वाढायचा आणि शेजारची माती फुटायची. तणसानं तर त्यात भरच घातली. तणस पाण्यात कुजतं, पोकळी होते, आणि जिथं बोटभर भोक होतं तिथं मनगटाएवढी नळी तयार होते.

दुरुस्ती अशी: बांधीतलं पाणी धुऱ्याच्या बुडापर्यंत उतरू द्यायचं. भोक जिथून जातं तिथं धुरा आडवा कापायचा, दीड फूट रुंद, आणि पोकळ माती पूर्ण निघून खाली घट्ट माती लागेपर्यंत खोल, अधिक चार बोटं. नळी डाव्या-उजव्या बाजूला वळत असेल तर तिच्या मागे जायचं, अर्ध्यात सोडायचं नाही. सब्बल आणि फावड्यानंच काम करायचं. आत हात घालायचा नाही, साप आणि खेकडा दोघांमुळे. मग चिकणमाती आणायची, बोडीच्या तळातली काळी चिकट माती सगळ्यात चांगली. मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये, एवढीच ओली. सहा बोटांचा थर टाकायचा, टाचेनं किंवा धुमसानं ठोकायचा, मग दुसरा थर. वर चार बोटं उंच ठेवायचं, कारण माती बसते. एकदम सगळी माती लोटून वरून थापली तर वरचा थर कडक होतो आणि खाली पोकळी तशीच राहते. ही चूक इतकी सर्रास होते की दुरुस्त केलेला धुरा पुन्हा फुटला तर आधी हेच तपासावं. काम झाल्यावर एक दिवस थांबून दोन-दोन बोटांनी पाणी वाढवायचं.

तिसऱ्या बांधीच्या धुऱ्यात अशा तीन जागा निघाल्या. दोन खेकड्यांच्या. तिसऱ्या जागेत उंदराचं जुनं बीळ आणि खेकड्याचं भोक एकमेकांत मिसळलेलं होतं.

खेकड्यांसाठी विष नाही. रात्री आठ-नऊ वाजता, पाऊस थांबलेला असताना, ते बिळाबाहेर येतात. बॅटरी आणि बादली घेऊन दोघं जण दोन-तीन रात्री फिरले की चार एकरांतले बरेच हाती लागतात, आणि ते रश्श्यात जातात हे सांगायला नको. रोवणीनंतरचे पहिले तीन आठवडे हे काम केलं तर कोवळी रोपंही वाचतात. भोकांत कीटकनाशक ओतलं तर ते धुऱ्यातून थेट पाण्यात उतरतं, बोडीतले मासे उलटे पडतात, त्या पाण्यावर जनावरं येतात. या कामासाठी लोक ज्याचं नाव हमखास घेतात ते फोरेट तर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. कुठं जुना साठा मिळाला तरी तो वापरायचा नाही.

आमिष: इथं नेहमीचा क्रम का बदलला

उंदरांसाठी रूढ क्रम झिंक फॉस्फाईडनं सुरू होतो. पण या वावरात तो लागू नव्हता, आणि कारण आधीच्या त्या भातात होतं. काळी पूड म्हणजे झिंक फॉस्फाईडच. ती पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू करते आणि उंदीर काही तासांत मरतो. उंदराला उलटी होत नाही, म्हणून पुरेसं खाल्लं तर तो वाचत नाही. मात्र उंदीर अनोळखी खाण्याला लगेच भिडत नाही. आधी किंचित चाखतो. चाखलेल्यानं पोट दुखलं आणि जीव वाचला, तर ते खाणं आणि तो वास तो कित्येक आठवडे विसरत नाही. आधी साधं आमिष खाऊ घालून सवय लावली नव्हती, त्यात पूड अंदाजानं, म्हणजे बहुधा जास्तच पडली. पूड जास्त पडली की आमिष जास्त मारक होत नाही, कडवट होतं आणि उंदीर एका घासात थांबतो. सहा मेले आणि उरलेले हुशार झाले ते असे.

म्हणून इथं थेट ब्रोमॅडिओलोन घेतलं आणि दाणाही बदलला. भाताऐवजी गव्हाचा भरडा. ब्रोमॅडिओलोन रक्त गोठू देत नाही. खाल्ल्यावर साधारण तीन ते सात दिवसांनी उंदीर मरतो, त्यामुळे मरण आणि खाणं यांचा संबंध त्याला आणि त्याच्या शेजाऱ्यांना लागत नाही. आधी साधं आमिष देण्याचीही गरज राहत नाही.

बाजारात याची दोन रूपं मिळतात. एक, ०.००५ टक्क्याच्या तयार मेणवड्या. दुसरं, ०.२५ टक्क्याची पूड, जी आमिषात मिसळायची. प्रमाण वजनानं: ९६ भाग भरडा, २ भाग तेल, २ भाग पूड. त्यातून बरोबर ०.००५ टक्के होतं. प्रत्येक जिवंत बिळाला १५ ग्रॅम. ३६ बिळांना ५४० ग्रॅम लागतं, थोडं सांडतं म्हणून ६०० ग्रॅम केलं: भरडा ५७६ ग्रॅम, शेंगदाण्याचं तेल १२ ग्रॅम, पूड १२ ग्रॅम. आधी भरड्याला तेल चोळायचं, दाणा-दाणा चकचकला पाहिजे, मग पूड भुरभुरून लाकडाच्या काडीनं ढवळायचं. उलट केलं, म्हणजे कोरड्या भरड्यात पूड आधी टाकली, तर ती बुडाशी बसते. मग काही पुड्यांत विष दुप्पट आणि काहींत नुसता गहू. तेल जुनं, खवट नको. १२ ग्रॅम हाताच्या अंदाजानं मोजता येत नाही. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा किंवा सोनाराचा काटा, आणि त्यावरही भांडं नव्हे, कागद ठेवून.

हे सगळं घरात नाही, चुलीजवळ तर नाहीच. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, हातमोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून. वापरलेला डबा पुन्हा कशालाही घ्यायचा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते दुखणं विदर्भ विसरलेला नाही. उंदराचं औषध फवारायचं नसतं म्हणून ते सौम्य आहे असं कोणीही समजू नये. लहान मूल घरात असेल तर पुड्यांची मोजदाद लिहून ठेवावी: किती केल्या, किती टाकल्या, किती उरल्या.

आमिष वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून, ताजी माती बाजूला सारून, काठीनं वीतभर आत सरकवलं आणि तोंड मातीच्या ढेकळानं हलकं झाकलं. उघड्यावर टाकलेलं आमिष पाखरं, कोंबड्या, कुत्री खातात. पावसाच्या दिवसांत पुडीचा एक तोटा आहे: भरडा दोन दिवसांत बुरसतो आणि बुरसलेलं उंदीर खात नाही. पाऊस लागून असेल तर मेणवडीच बरी. किंवा दीड हाताचा, दोन्ही तोंडांनी मोकळा बांबूचा तुकडा धुऱ्यावर किंचित तिरपा ठेवून त्यात आमिष ठेवायचं. पाणी आत राहत नाही आणि उंदराला बांबूत शिरायला आवडतं. शक्यतो पुड्या संध्याकाळी टाकायच्या, उंदीर रात्री खातो.

हे सगळं २८ ऑगस्टला झालं. तारीख मुद्दाम सांगितली, कारण वेळ हाच इथला खरा मुद्दा आहे. धान पोटरीत आला, म्हणजे ताटाच्या पोटात लोंबी भरू लागली, की त्याच्या ताटातला गोड रस उंदराला तुमच्या आमिषापेक्षा कितीतरी प्रिय असतो, आणि मग चांगलं आमिषही पडून राहतं. शिवाय फुटवे फुटत असताना कापलेलं ताट पुन्हा फुटवे देऊन थोडीफार भरपाई करतं. पोटरीनंतर कापलेलं ताट गेलं ते गेलं. या वावरात पोटरी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येणार होती. म्हणजे दोन फेऱ्यांपुरतीच सवड होती.

पाचव्या दिवसापासून रोज सकाळी धुऱ्यावरून फिरून मेलेले उंदीर चिमट्यानं किंवा काठीनं उचलून दोन फूट खोल पुरले. बरेच बिळातच मरतात, ते दिसत नाहीत. दिसणारे मात्र उचललेच पाहिजेत. असा उंदीर खाल्लेलं घुबड, मांजर, कुत्रं यांच्याही अंगात ते विष जातं. ज्या घुबडाला आपण बोलावतो आहोत त्यालाच मारून बसायचं, हे परवडणारं नाही.

६ सप्टेंबरला सगळी तोंडं पुन्हा दाबली. ७ तारखेला ११ ठिकाणी ताजी माती. त्यातली सात बोडीच्या पाळीवर आणि पाटचारीच्या काठावर होती. पहिल्या फेरीत पाळीवरच्या गवतात काही बिळं नजरेतून सुटली होती, आणि शेजारच्या वावरात कोणी काहीच केलं नव्हतं. रिकाम्या झालेल्या बिळात शेजारचा उंदीर आठवड्याभरात राहायला येतो. म्हणून दुसऱ्या फेरीला दोन्ही शेजाऱ्यांना सोबत घेतलं आणि एकाच संध्याकाळी तिन्ही वावरांच्या धुऱ्यांवर पुड्या टाकल्या. आपल्या ११ बिळांसाठी २०० ग्रॅम आमिष केलं: १९२, ४, ४. पाळीवरचं गवत त्याआधी कापून घेतलं. १९ सप्टेंबरच्या मोजणीत जिवंत बिळं तीन निघाली, पाचव्या बांधीतलं कापणं थांबलं होतं आणि तिसऱ्या बांधीत भरलेलं पाणी चौथ्या दिवशीही तीन बोटं होतं. ती तीन बिळं धानात आता आमिष चालणार नाही म्हणून चापांवर सोडली. चाप बिळाच्या तोंडाशी नाही, तर उंदराच्या रोजच्या वाटेवर आडवा लावायचा. चिखलात पायांचे ठसे आणि दबलेलं गवत पाहिलं की वाट कळते.

इथं काय वापरलं नाही आणि का

बिळांत ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या टाका, असा सल्ला हमखास मिळतो. ओलाव्याशी मिळून त्यांतून निघणारा वायू उंदरासारखाच माणसालाही मारतो, त्यावर उतारा नाही, आणि त्या वापरायला परवानाधारक, शिकलेली माणसं लागतात. शेतकऱ्यानं स्वतः हात लावायची ही वस्तू नाही.

वावराभोवती तारेत वीज सोडण्याबद्दल एकच सांगायचं: डुकरांसाठी, उंदरांसाठी, कशासाठीही नाही. या पट्ट्यात अशा तारांवर माणसं गेली आहेत आणि वाघही.

विषबाधा झालीच तर घरगुती इलाजात वेळ घालवायचा नाही. तेल, तूप, दूध पाजायचं नाही, उलटी करवायची नाही. औषधाची डबी सोबत घेऊन थेट दवाखाना. ब्रोमॅडिओलोनवर डॉक्टर व्हिटॅमिन के-१ देतात, म्हणून डबी दाखवणं फार महत्त्वाचं. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही, तिथं एकेक मिनिट मोलाचं.

पुढच्या हंगामाआधी

झिंक फॉस्फाईड वाईट नाही, त्याची वेळ आणि रीत चुकली होती. पुढच्या वर्षी हंगामाची सुरुवात त्यानं करता येते, तोवर या उंदरांची पिढी बदललेली असेल. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेकडून चाललेल्या अखिल भारतीय उंदीर नियंत्रण प्रकल्पातून देशभर गेलेली रीत साधारण अशी: पहिल्या दिवशी बिळं दाबायची. दुसऱ्या दिवशी उघडलेल्या बिळांत विषाविना आमिष, प्रत्येकी २० ग्रॅम, तांदळाची कणी आणि तेल ९८ ला २. दोन दिवस खाऊ द्यायचं. चौथ्या दिवशी, जिथलं साधं आमिष संपलं आहे फक्त त्याच बिळांत विषारी आमिष, ९६ भाग कणी, २ भाग तेल, २ भाग झिंक फॉस्फाईड, प्रत्येकी १० ग्रॅम पुडीत. पाचव्या दिवशी मेलेले गोळा करून पुरायचे. उरलेल्यांना पंधरा दिवसांनी ब्रोमॅडिओलोन. त्याच हंगामात झिंक फॉस्फाईड दुसऱ्यांदा द्यायचं नाही.

सगळ्यात स्वस्त काम मात्र मे-जूनमध्ये होतं, रान मोकळं असताना. बिळं तेव्हा उघडी दिसतात, उंदीर धुऱ्यांपुरते आणि पाळीपुरते आटलेले असतात, आणि खणून काढता येतात. खणताना आधी चोरवाट शोधून तिथं एक जण काठी घेऊन उभा करायचा, मग मुख्य तोंडापासून सुरुवात. कोठाराची पोकळी आणि पिलांची पोकळी दोन्ही लागेपर्यंत खणायचं, आणि माती पुन्हा थरांनी ठोकून बसवायची. नुसती लोटून दिली तर पहिल्याच पावसात धुरा तिथून बसेल.

धुरा किती रुंद असावा यावर वाद आहे. अरुंद, फूटभराच्या आतल्या धुऱ्यात उंदराला बीळ करायला जागा पुरत नाही, म्हणून धुरे बारीक करा असं सांगितलं जातं. पण आपल्याकडे धुऱ्यावरची तूर हे घरातल्या वर्षाच्या डाळीचं पीक आहे, आणि ते सोडा म्हणणं योग्य नाही. मध्यम तोड अशी निघते: वावराच्या हद्दीचे धुरे तुरीसाठी रुंद ठेवायचे, आतल्या बांध्यांमधले बारीक करायचे. रुंद धुऱ्यावरचं तण सप्टेंबरपर्यंत दोनदा काढायचं, म्हणजे माती दिसत राहते. बोडीची पाळ बारीक करता येत नाही, म्हणून तिची मोजणी कधी चुकवायची नाही. तिथलं बीळ फुटलं तर एका बांधीचं नाही, सगळ्या वावराचं पाणी जातं.

कापणीनंतर कडपा (कापून पसरलेला धान) वाळल्या की पुंजणे (धानाच्या गंजी) रचले जातात, आणि वावरातले उरलेले उंदीर रातोरात पुंजण्याखाली येतात. पुंजणा धुऱ्यापासून आणि पाळीपासून शक्य तितका लांब, दगड किंवा लाकडाच्या ओंडक्यांवर, जमिनीपासून हातभर उंच रचावा, खाली तणस अंथरू नये. भोवती दोन-तीन हात जागा झाडून मोकळी ठेवावी म्हणजे ताजी माती लगेच दिसते. मळणीच्या दिवशी शेवटचा थर उचलताना चार जण काठ्या घेऊन भोवती उभे राहिले तर तिथंच बरेच उंदीर सापडतात. पुंजण्याखालची बिळं त्याच दिवशी खणून बुजवायची, कारण मळणी झाली की ते उंदीर आधी बोडीच्या पाळीकडे जातात आणि हरभरा, लाखोळी उगवली की तिथून पुन्हा वावरात उतरतात.